दारावरचा मोजणारा पहारेकरी

ठाणे शहरात खोपट नावाचा एक गजबजलेला भाग आहे. तेथे एस. टी.चे स्थानक आहे. गणेशोत्सव जवळ आला, की कोकणात गावी निघालेल्या चाकरमान्यांची तेथे झुंबड उडते. एकाच गाडीच्या दाराशी सारे एकदम धावले, तर पुढचे अडकतात, मागचे रेटतात आणि गाडी रिकामी असूनही आत कोणी शिरू शकत नाही. म्हाताऱ्या माणसांचे तर हालच होतात. मग वाहक दारात उभा राहतो व एकेकास आत घेऊ लागतो. गाडी तीच, जागाही तितक्याच. परंतु आता ती भरते आणि वेळेवर सुटते.

संगणकांच्या जाळ्यातही असे दार असते व त्या दारावर असाच पहारा ठेवावा लागतो.

एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जाणारा मजकूर अखंड जात नाही. त्याचे लहान लहान तुकडे केले जातात. त्यांस पॅकेट असे म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर, टपालाच्या पाकिटावर असतो तसा, पाठवणाऱ्याचा व घेणाऱ्याचा पत्ता असतो. पुष्कळांच्या प्रश्नांना उत्तरे देणारा जो मोठा संगणक, तो सर्व्हर होय. त्याची शक्ती मोठी असली तरी अमर्याद नसते. प्रत्येक नव्या विनंतीसाठी त्याला आपल्या स्मृतीतील थोडी जागा राखून ठेवावी लागते. क्षणात लाखो विनंत्या येऊन आदळल्या, तर ती जागा संपते आणि खऱ्या गरजवंतासही उत्तर मिळेनासे होते. काही दुष्ट लोक अशी गर्दी मुद्दाम घडवून आणतात.

ही आपत्ती टाळण्यासाठी दाराशी फायरवॉल बसवतात. हा शब्द मूळचा बांधकामातला. एका खोलीतील आग शेजारच्या खोलीत पसरू नये म्हणून जी जाड भिंत बांधतात, तिचे हे नाव. संगणकाची फायरवॉल मात्र विटांची नसून नियमांची असते. आलेले प्रत्येक पॅकेट ती तपासते व त्यास आत सोडते किंवा टाकून देते. यांखेरीज तिसऱ्याही प्रकारचा नियम असतो. ‘सोड, पण मोजून सोड,’ असा तो नियम आहे.

हे मोजणे कसे चालते, ते पाहण्याजोगे आहे. जगातील असंख्य सर्व्हर लिनक्स या प्रणालीवर चालतात. तिच्या 2001 साली आलेल्या आवृत्तीपासून तिच्यात आयपीटेबल्स नावाची नियमावली आहे. तिची युक्ती अगदी घरगुती वाटावी अशी आहे. एक बादली आहे व तीत पाच बिल्ले आहेत, अशी कल्पना करावी. आत जाणाऱ्या प्रत्येक पॅकेटने एक बिल्ला द्यावयाचा. दर दहा सेकंदांनी बादलीत एक नवा बिल्ला पडतो. मात्र पाचांहून अधिक बिल्ले तीत कधीच साठत नाहीत. आता एकदम एक हजार पॅकेटे आली, तर पहिली पाच आत जातील आणि उरलेली नऊशे पंचाण्णव दारातच टाकली जातील. त्यानंतर गर्दी कितीही असो, मिनिटाला सहाच पॅकेटे आत शिरतील. गर्दी ओसरली, की पन्नास सेकंदांत बादली पुन्हा भरते. क्वचित घाईने आलेल्यास थोडी सवलत मिळते. सतत धडका देणाऱ्यास मिळत नाही.

परंतु सर्वांसाठी एकच बादली ठेवली, तर एकटा दांडगा सारे बिल्ले पळवील व बाकीचे उपाशी राहतील! म्हणून प्रत्येक पत्त्यामागे वेगळी बादली ठेवण्याची सोय केलेली आहे.

हा उपाय चांगला खरा, पण त्यातही अडचण आहे. 2021 साली करोनाच्या साथीत भारत सरकारच्या कोविन या व्यवस्थेवर लसीसाठी नावे नोंदवावी लागत. 18 ते 44 वर्षे वयाच्या लोकांची नोंदणी 28 एप्रिल रोजी दुपारी चार वाजता सुरू झाली. लसी थोड्या आणि मागणारे कोट्यवधी. कोठे जागा शिल्लक आहे, हे पुनःपुन्हा विचारणारे प्रोग्राम काही हुशार मंडळींनी लिहिले. त्यांना आवर घालावयास मर्यादा होतीच : एका पत्त्यावरून पाच मिनिटांत शंभर विनंत्या, म्हणजे सरासरीने तीन सेकंदांना एक. एकट्या माणसास ती पुरेशी होती. पण एका मोठ्या इमारतीतील किंवा कार्यालयातील सर्व संगणक जाळ्यावर बहुधा एकाच पत्त्याने ओळखले जातात. पन्नास कुटुंबे अशा एका पत्त्याआड असली, तर प्रत्येकाच्या वाट्यास पाच मिनिटांत दोनच विनंत्या येतात. पहारेकऱ्यास पत्ता दिसतो, त्यामागची माणसे दिसत नाहीत. आईवडिलांसाठी जागा शोधणारा मुलगा आणि न थांबता विचारणारे यंत्र यांत त्याला भेद करता येत नाही. मर्यादा कमी ठेवावी तर सज्जन अडतात, वाढवावी तर दांडगे घुसतात. योग्य आकडा ठरवणे हेच या कामातील सर्वांत कठीण काम आहे.

शिवाय पहारेकरी दारातच उभा असतो, रस्त्यावर नसतो. रस्ताच गर्दीने भरून गेला, तर दारावरील नियमाचा उपयोग होत नाही. 21 ऑक्टोबर 2016 रोजी अमेरिकेतील डिन या कंपनीवर असाच हल्ला झाला. संकेतस्थळांच्या नावांवरून त्यांचे पत्ते सांगणे हा तिचा व्यवसाय होता. तो बंद पडताच ट्विटरसारखी मोठमोठी स्थळे कित्येकांना काही तास दिसेनाशी झाली. आणि हल्ला करणारी यंत्रे कोणती होती? लोकांच्या घरांतील कॅमेरे व तत्सम लहान उपकरणे! कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द मालकांनी बदलला नव्हता. त्यामुळे मिराई नावाचा दुष्ट प्रोग्राम त्यांत सहज शिरला होता. असा लोंढा अडवावयाचा तर तो वरच्या बाजूस, म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपन्यांच्या मोठ्या वाहिन्यांवरच अडवावा लागतो.