भीतीलाच नायक करणारे रामसे बंधू

हिंदी चित्रपटसृष्टीत भयपटाला स्वतंत्र ओळख मिळवून देणारे रामसे बंधू स्वतः मात्र प्रतिष्ठित वर्तुळाबाहेरच राहिले. फाळणीनंतर कराचीहून मुंबईत आलेल्या एफ. यू. रामसे यांनी निर्मिलेला आणि विश्राम बेडेकर यांनी दिग्दर्शित केलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ हा चित्रपट १९७० मध्ये अपयशी ठरला. तथापि, मुखवटा घातलेल्या पृथ्वीराज कपूर यांच्या चोरीच्या दृश्याने प्रेक्षक थरारले. रामसे यांच्या मुलांनी नेमका हाच धागा पकडला.

‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) या चित्रपटाचे चित्रीकरण महाबळेश्वर येथे झाले. लेखन, छायाचित्रण, ध्वनी, संकलन आणि दिग्दर्शन ही कामे भावांनी आपसांत वाटून घेतल्याने खर्च आटोक्यात राहिला. प्रेक्षक भुताच्या ओढीने येत असल्याने महागड्या नायकाचीही गरज उरली नाही.

या स्वातंत्र्याची किंमत त्यांना मोजावी लागली. सेन्सॉरची कात्री, केवळ प्रौढांसाठीचे प्रमाणपत्र आणि समीक्षकांची उपेक्षा कायम वाट्याला आली. तरीही तुलसी व श्याम रामसे दिग्दर्शित ‘पुराना मंदिर’ने १९८४ मध्ये घवघवीत यश मिळवले.

१९९३ मध्ये ‘झी हॉरर शो’द्वारे त्यांचे भय घराघरांत पोहोचले. तुलसी रामसे यांचे २०१८ मध्ये, तर श्याम यांचे २०१९ मध्ये निधन झाले. ज्या भयपटांना एकेकाळी हिणवले गेले, त्यांच्याविषयी आज गांभीर्याने लिहिले जाते.