सैनिकी जीवनावरील व्यंगचित्रे

युद्धकाळात सामान्य सैनिकाच्या नित्याच्या जीवनातील हालअपेष्टा, कंटाळा, भीती आणि विनोद यांवर काढलेली व्यंगचित्रे. युद्धविषयक व्यंगचित्रांचा हा एक स्वतंत्र व तुलनेने अलीकडचा प्रकार आहे. पहिल्या महायुद्धात (१९१४–१८) तो रूढ झाला आणि दुसऱ्या महायुद्धात (१९३९–४५) त्यास परिणत रूप प्राप्त झाले. राष्ट्रनेते, तह, जय-पराजय हे राजकीय व्यंगचित्राचे विषय होत. प्रस्तुत प्रकारात मात्र ओले मोजे, गार झालेले जेवण, न आलेले पत्र, सार्जंटची आरडाओरड आणि चिखल यांनाच महत्त्व असते. शत्रू चित्रात बहुधा दिसतच नाही. असला तर तोही तितकाच थकलेला असतो. [⟶ व्यंगचित्र].

सैन्यभरतीच्या भित्तिपत्रकावरील सैनिक ताठ उभा असतो, त्याचा गणवेश कडक इस्त्रीचा असतो आणि नजर क्षितिजावर लागलेली असते. व्यंगचित्रातील सैनिकाची पाठ वाकलेली, दाढी वाढलेली व नजर आपल्या बुटांवर खिळलेली असते. हा फरक केवळ शैलीचा नाही. पहिले चित्र सैनिक नसलेल्यांना दाखविण्यासाठी काढलेले असते, तर दुसरे सैनिकांनी सैनिकांसाठी काढलेले असते. म्हणूनच या प्रकारातील बहुतेक थोर व्यंगचित्रकार स्वतः आघाडीवर राहिलेले होते.

त्यांपैकी आद्य ब्रूस बेर्न्सफादर (१८८७–१९५९) याचा जन्म हिंदुस्थानातील मरी (आता पाकिस्तानात) या थंड हवेच्या ठिकाणी झाला. पहिल्या महायुद्धात रॉयल वॉरिकशर रेजिमेंटमध्ये अधिकारी म्हणून तो पश्चिम आघाडीवर होता आणि १९१५ मध्ये ईप्रच्या लढाईत जखमी झाला. खंदकांत विरंगुळा म्हणून त्याने काढलेली चित्रे द बायस्टँडर या लंडनच्या साप्ताहिकाने छापली. त्यांतून ‘ओल्ड बिल’ हा झुबकेदार मिशांचा, पोक्त व कुरकुऱ्या शिपाई जन्मास आला. त्याचे सर्वांत गाजलेले चित्र १९१५ मधले. रात्रीची वेळ, चहूकडे तोफगोळे फुटताहेत, आणि एका खड्ड्यात दोन शिपाई केवळ गळ्यापासून वर दिसताहेत. बरोबरच्या शिपायाला बिल एवढेच सांगतो, की याहून बरा खड्डा ठाऊक असेल तर खुशाल तिकडे जा. रणांगणावर माणसाला जी निवड उपलब्ध असते, तिचे इतके नेमके वर्णन गंभीर युद्धसाहित्यातही क्वचितच आढळेल. आपल्या वीरांचे हे ग्राम्य विडंबन आहे, असा आक्षेप प्रारंभी घेतला गेला. परंतु या चित्रांमुळे सैन्याचे मनोधैर्य खचत नाही, उलट टिकते, हे ध्यानी येताच ब्रिटिश युद्धखात्याने बेर्न्सफादर यास व्यंगचित्रकार म्हणूनच मित्रराष्ट्रांच्या सैन्यांकडे पाठविले.

दुसऱ्या महायुद्धात हा प्रकार पुष्कळ फोफावला. याचे मुख्य कारण म्हणजे सैन्यासाठी निघणारी वृत्तपत्रे. यँक या अमेरिकन सैनिकी साप्ताहिकात १९४२ पासून जॉर्ज बेकरचा ‘सॅड सॅक’ येऊ लागला. हा सैन्याच्या शिस्तयंत्रात सापडलेला भोळा, अभागी शिपाई. त्याच्या चित्रमालिकेत बहुधा शब्दच नसत. त्याच साप्ताहिकातील डेव्ह ब्रेगरच्या ‘जी. आय. ज्यो’मुळे अमेरिकन शिपायाला ते नावच पडले. ब्रिटिश सैन्यात ‘जॉन’ या टोपणनावाने चित्रे काढणाऱ्या विल्यम जोन्सचे ‘टू टाइप्स’ हे मिशाळ जोडगोळीचे पात्र लोकप्रिय होते. आफ्रिकेच्या वाळवंटातून इटलीत आलेली ही जोडी गणवेशाचे सर्व नियम धाब्यावर बसविते. मात्र ते दोघे अधिकारी आहेत, आणि त्यांच्या विनोदात ऐट अधिक व थकवा कमी आहे.

या सर्वांत श्रेष्ठ स्थान बिल मॉल्डिन (१९२१–२००३) याचे. अमेरिकेच्या ४५ व्या पायदळ डिव्हिजनबरोबर १९४३ मध्ये तो सिसिलीत उतरला व नंतर इटलीतील मोहिमेत राहिला. तेथे मॉर्टरच्या गोळ्याच्या तुकड्याने तो जखमीही झाला. स्टार्स अँड स्ट्राइप्स या सैनिकी दैनिकात आलेली त्याची ‘विली’ आणि ‘ज्यो’ ही पात्रे दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेली, चिखलाने माखलेली आहेत; पुष्कळदा विली कोणता व ज्यो कोणता हे ओळखणेही कठीण जाते. मॉल्डिनने बोरूपेक्षा कुंचला अधिक वापरला. त्याच्या चित्रांतील काळ्या शाईचे जाड फराटे म्हणजे इटलीतला पाऊस, चिखल आणि रात्र यांचेच रूप होय.

त्याची दोन-तीन चित्रे येथे वर्णन करण्याजोगी आहेत. एकात वैद्यकीय मदतनीस विलीला जखमी सैनिकाचे पदक देऊ पाहतो. ते पदक आपल्याकडे आहे, त्यापेक्षा ॲस्पिरिनच्या एक-दोन गोळ्या दे, असे विली म्हणतो. दुसऱ्या, शब्दविरहित चित्रात घोडदळातील एक जुना सार्जंट मोडक्या आसाच्या आपल्या जीपगाडीवर पिस्तूल रोखून उभा आहे; पाय मोडलेल्या घोड्याला मारताना करावे तसे त्याने दुसऱ्या हाताने डोळे झाकले आहेत. तिसऱ्याला १९४५ चे पुलिट्झर पारितोषिक मिळाले, तेव्हा मॉल्डिन अवघा २३ वर्षांचा होता. विजयाच्या उत्साहातील ताज्या दमाचे सैनिक भुकेल्या, दमलेल्या कैद्यांना घेऊन येत आहेत, अशी त्याची बातमीवजा ओळ आहे. प्रत्यक्ष चित्रात पावसात भिजत चाललेल्या माणसांत जेता कोण आणि कैदी कोण हे सांगता येत नाही. वृत्तपत्रांच्या ठराविक युद्धभाषेवर याहून तिखट टीका झालेली नाही.

जनरल जॉर्ज पॅटन यास ही चित्रे मुळीच मानवली नाहीत. आपल्या सैन्यात दाढी रोज झाली पाहिजे व टाय लावलाच पाहिजे, असा त्याचा दंडक होता. मॉल्डिनची चित्रे बेशिस्त पसरवितात असे त्याचे मत असल्यामुळे मार्च १९४५ मध्ये त्याने मॉल्डिनला बोलावून समज दिली. तथापि वरिष्ठ सेनाकार्यालयाचा कल व्यंगचित्रकाराच्या बाजूने होता आणि विलीची दाढी तशीच राहिली. युद्धाच्या अखेरच्या दिवशी या दोघांना मारून टाकण्याचा मॉल्डिनचा विचार होता, परंतु संपादकांनी तो मानला नाही. नागरी जीवनात परतलेले विली व ज्यो त्याने नंतर काढले. त्यांना पूर्वीची धार राहिली नाही.

वरील इतिहासावरून या प्रकाराला तीन गोष्टी आवश्यक असल्याचे दिसून येते : सैनिकांतच वावरणारा चित्रकार, सैनिकाच्या स्वतःच्या भाषेतील वृत्तपत्र, आणि आपल्यावर हसू देणारे वरिष्ठ अधिकारी. भारतीय व विशेषतः मराठी सैनिकाचा विचार करताना या तिन्हींचा अभाव लक्षात घ्यावा लागतो.

दुसऱ्या महायुद्धात सु. २५ लाख भारतीय सैन्यात होते. इटलीच्या मोहिमेत चौथी, आठवी व दहावी या भारतीय डिव्हिजन लढल्या आणि त्यांत मराठा पलटणींचाही समावेश होता. विली व ज्यो ज्या द्वीपकल्पाच्या चिखलात रुतले होते, त्याच द्वीपकल्पात नाईक यशवंत घाडगे यांना टायबर नदीच्या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी वीरमरण आले, आणि शिपाई नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर आपल्या जखमी सहकाऱ्यांना गोळीबारातून उचलून आणले. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांचा पराक्रम मानपत्रांत नोंदला गेला आहे; परंतु त्याच पलटणींतील शेकडो शिपायांनी तो हिवाळा कसा काढला, भाकरीची आठवण कशी काढली, कुणाची नक्कल केली, कशावर हसले, हे दाखविणारे एखादे ‘विली’सारखे कायमचे पात्र मराठीत निर्माण झाले नाही.

भारतीय सैनिकांसाठी फौजी अखबार हे नियतकालिक १९०९ पासून निघत होते. ते सरकारी होते व त्याचा सूर माहितीचा आणि उपदेशाचा असे. भाषेची अडचण याहून मोठी होती. साताऱ्याच्या वा रत्नागिरीच्या रंगरुटाची मातृभाषा मराठी, सैन्यातील शिक्षणाची भाषा रोमन लिपीतील उर्दू आणि अधिकाऱ्यांची इंग्रजी. सूचना व हुकूम या तीन भाषांतून सहज फिरतात. थट्टा तशी फिरत नाही. आग्नेय आशियाच्या आघाडीसाठी १९४४ पासून कलकत्त्याहून निघणारे सिॲक हे दैनिकही इंग्रजीच होते. शिवाय ब्रिटिश शिपायाने आपल्या कॅप्टनची टर उडविणे ही कुरकुर ठरे. हिंदी शिपायाने गोऱ्या कॅप्टनची टर उडविली असती, तर ती राजकीय बाब झाली असती.

तेव्हाचे मराठी व्यंगचित्रही या सैनिकापासून दूर होते. शं. वा. किर्लोस्कर यांनी आपल्या मासिकांतून त्याचा पाया घातला आणि पुढे दीनानाथ दलाल, वसंत सरवटे, शि. द. फडणीस यांनी मासिके व दिवाळी अंक यांच्या आश्रयाने ते वाढविले. त्याचा वाचक प्रामुख्याने शहरी, मध्यमवर्गीय होता. सैनिक मात्र कोकणातल्या आणि घाटावरच्या खेड्यांतून जात. सातारा जिल्ह्यातील एका गावास घरोघरच्या सैनिकांमुळे ‘मिलिटरी अपशिंगे’ हे नाव पडले, पण त्या गावाचे जीवन पुण्या-मुंबईच्या मासिकांच्या विनोदाचा विषय झाले नाही. एक गोष्ट मात्र खेदाने नोंदवावीशी वाटते. बेकरच्या ‘सॅड सॅक’प्रमाणे शब्दांवाचून हसविणारे चित्र बहुभाषी व अल्पशिक्षित सैन्यात सर्वांपर्यंत पोहोचू शकले असते, आणि शब्दविरहित व्यंगचित्राची फडणीसांनी पुढे मराठीत घडविलेली परंपरा अशा चित्रांना सर्वस्वी अनुकूल होती.

म्हणून भारतीय सैनिकाचा विनोद चित्रांऐवजी पत्रांत शोधावा लागतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील भारतीय सैनिकांची पत्रे सेन्सॉरकडून तपासली जात. त्यांतील उताऱ्यांची भाषांतरे अहवालांत समाविष्ट झाल्यामुळे टिकली. ती लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत असून डेव्हिड ओमिसी यांनी त्यांचा एक संग्रह १९९९ मध्ये प्रसिद्ध केला. सेन्सॉरला चकविण्यासाठी सैनिक सांकेतिक भाषा वापरीत. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरा शिपाई; कोणती किती शिल्लक आहे आणि कोणती अधिक खपते आहे, याचा हिशेब वाण्याच्या यादीसारखा घरी कळविला जाई. ही शब्दांतील व्यंगचित्रेच होत. गंमत अशी, की ज्या सेन्सॉरपासून ती लपवावयाची, त्याच्याच दप्तराने ती जपून ठेवली.

महाराष्ट्राच्या भूमीचा या विनोदाशी आणखी एक, अप्रत्यक्ष संबंध आहे. नाशिकजवळील देवळाली येथे १८६१ मध्ये ब्रिटिश सैन्याची संक्रमण छावणी उभारण्यात आली. मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत येथे राहत, आणि जहाजे ठराविक मोसमातच सुटत असल्याने कित्येकांना महिनोन् महिने काढावे लागत. उन्हाळा, रिकामपण व दारू यांमुळे काहींचे डोके फिरे. त्यावरून ‘डूलॅली टॅप’ हा शब्दप्रयोग इंग्रजीत आला : ‘डूलॅली’ म्हणजे देवळाली व ‘टॅप’ म्हणजे आपला ताप. वेडगळ या अर्थी ‘डूलॅली’ हे विशेषण इंग्रजीत अद्याप वापरले जाते; ते उच्चारणाऱ्यांपैकी किती जणांना नाशिक ठाऊक असेल, हा प्रश्नच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास याच छावणीत सैनिकांच्या करमणुकीसाठी नाट्यपथके होती. त्या अनुभवावर जिमी पेरी यांनी डेव्हिड क्रॉफ्ट यांच्यासह लिहिलेली विनोदी मालिका बीबीसी दूरचित्रवाणीवर १९७४ ते १९८१ या काळात गाजली. गोऱ्या नटाने रंग फासून हिंदी नोकराची भूमिका करण्यावर नंतर योग्य आक्षेप घेतले गेले. अहमदनगर (आता अहिल्यानगर) येथे १९१८ मध्ये एका ब्रिटिश सैनिकाच्या घरी जन्मलेला विनोदकार स्पाइक मिलिगन हाही दुसऱ्या महायुद्धात तोफखान्यात होता. १९७१ पासून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या युद्धस्मृती म्हणजे विली-ज्यो यांच्या परंपरेचा गद्य अवतार मानता येईल. देवळालीच्या छावणीत आणि नगरच्या बराकींत पाणी भरणारे, कपडे धुणारे व स्वयंपाक करणारे लोक मात्र या साऱ्या विनोदात पार्श्वभूमीलाच राहतात.

स्वातंत्र्यानंतर फौजी अखबारचे १९५४ मध्ये सैनिक समाचार असे नामांतर झाले. त्याच्या आवृत्त्यांमध्ये मराठीचाही समावेश झाला. १९६० मध्ये बाळ ठाकरे यांनी सुरू केलेले मार्मिक हे साप्ताहिक आणि मुंबईच्या इंग्रजी दैनिकातील आर. के. लक्ष्मण यांची चित्रे यांच्या काळात १९६२, १९६५ व १९७१ ही युद्धे झाली. ही प्रामुख्याने राजकीय व्यंगचित्रे होती. त्यांचे लक्ष्य नेते आणि धोरणे हे होते. लक्ष्मण यांचा मूक ‘सामान्य माणूस’ हा ओल्ड बिलचा दूरचा नातलग शोभतो, कारण तोही घटना घडवीत नाही, सोसतो. पण तो नागरिक आहे, सैनिक नव्हे. इटलीत माँतोने येथे २०२३ मध्ये यशवंत घाडगे यांच्या स्मरणार्थ सूर्यघटिकेच्या रूपातील स्मारक उभारण्यात आले. त्यांच्या पलटणींतील शिपायांचे रोजचे जिणे मात्र घरोघरच्या ट्रंकांत उरलेली पत्रे, पोस्टकार्डे आणि म्हाताऱ्या माणसांनी सांगितलेले किस्से यांतूनच गोळा करावे लागेल.