'पासआउट' होणं चूक की बरोबर?

'2024 आणि 2025 चे पासआउट अर्ज करू शकतात' असं नोकरीच्या जाहिरातीत सर्रास छापलेलं असतं. लग्नाच्या बायोडेटातही मुलगा 'पुण्याच्या नामांकित कॉलेजातून पासआउट' असतो. त्यावर इंग्रजीचे जाणकार नाक मुरडतात. पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणं, पदवी घेणं नव्हे, असा मजकूर व्हॉट्सॲपवरही अधूनमधून फिरतो. वाचून हसू येतं आणि ज्ञानात भर पडल्यासारखंही वाटतं. पण ही भर अर्धीच आहे.

पहिला गैरसमज हाच, की पास आउटचा 'शिक्षण पूर्ण करून बाहेर पडणं' हा अर्थ आपण भारतीयांनी अज्ञानातून काढला. वस्तुस्थिती वेगळी आहे. हा अर्थ ब्रिटिश इंग्रजीतच आहे आणि इंग्लंडात छापलेल्या मोठ्या शब्दकोशांत दिलेलाही आहे. फक्त तिथे तो लष्कर आणि पोलिसांच्या प्रशिक्षणापुरता राखलेला असतो. प्रशिक्षण संपलं, शेवटचं संचलन झालं, की तो कॅडेट पास आउट झाला. आपल्याकडे हा शब्द परेड ग्राउंडवर होताच. कॉलेजच्या पोरांनी तो उचलला आणि कोणत्याही पदवीला लावला. म्हणजे चूक अर्थाची म्हणण्यापेक्षा हद्दीची आहे.

पदवी घेणं आणि पास आउट होणं यांतला फरक बघायचा तर खडकवासल्याला जावं. राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत तीन वर्षं काढलेल्या कॅडेटना जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी मिळते. तो पदवीदान समारंभ सभागृहात होतो, तोही आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी सकाळी खेत्रपाल मैदानावर पासिंग आउट परेड होते आणि संथ पावलांनी 'अंतिम पग' पार करून कॅडेट बाहेर पडतात. एकाच मुलाचं ग्रॅज्युएट होणं आणि पास आउट होणं, असे इथे दोन वेगळे दिवस. 30 मे 2025 ला प्रबोधिनीच्या 148 व्या तुकडीबरोबर 17 मुली या मैदानावरून बाहेर पडल्या. प्रबोधिनीतून बाहेर पडलेली ही मुलींची पहिलीच तुकडी. त्या पास आउट झाल्या, असं इंग्रजीत लिहिलं तर लंडनचा माणूसही बोट ठेवणार नाही. आपली वर्तमानपत्रं या परेडला दीक्षांत संचलन म्हणतात आणि तो शब्द छान रुळलाही आहे.

आता बेशुद्धीचा अर्थ. भोवळ येणं, शुद्ध हरपणं हा पास आउटचा जगभर सर्वात ओळखीचा अर्थ आहे, यात वाद नाही. दारू अति झाल्याने जागीच आडवा होणाऱ्यालाही हेच क्रियापद लावतात. जून 2023 मध्ये लंडनला राजाच्या वाढदिवसाच्या संचलनाची तालीम सुरू होती. समोर प्रिन्स विल्यम, अंगात लोकरी गणवेश, डोक्यावर अस्वलाच्या केसांची उंच टोपी. त्या उन्हात काही सैनिक उभ्या उभ्या कोसळले. अशी वेळ एखाद्या कॅडेटवर शेवटच्या परेडला आली, तर तो एकाच सकाळी दोन्ही अर्थांनी पास आउट झाला म्हणावं लागेल. आणि व्याकरणात दोन्ही वाक्यं बिनचूक!

अमेरिकेत तिसराच अर्थ चालतो, वाटप करण्याचा. शिक्षक वर्गात पेपर पास आउट करतात, म्हणजे वाटतात. या अर्थी क्रियापदाला कर्म लागतं आणि ते मध्येही घुसू शकतं. पास द पेपर्स आउट म्हटलं तरी चालतं. आणि कर्माच्या जागी 'देम' आलं, की ते मध्येच बसवावं लागतं. बेशुद्ध पडण्याला कर्म नसतं, त्यामुळे वाक्यात घोटाळा सहसा होत नाही.

खरी गंमत नामात आहे. 'मी 2022 ची पासआउट' हे वाक्य आपल्याला खटकत नाही, कारण ड्रॉपआउट हे नाम आपण कधीपासून ऐकत आलोय. शाळा अर्धवट सोडणारा तो ड्रॉपआउट, मग पूर्ण करणारा पासआउट का नाही? तर्क बिनतोड आहे, पण भाषा तर्काने चालत नाही. ड्रॉपआउट ही व्यक्ती इंग्रजीत सगळीकडे सापडते, पासआउट नावाची व्यक्ती मात्र भारत आणि आसपासच्या देशांतच. ऑस्ट्रेलियात पासआउट म्हणजे खेळाच्या मैदानातून मध्येच बाहेर जाऊन परत येण्यासाठी मिळणारी चिठ्ठी किंवा हातावरचा शिक्का. तेव्हा 'आम्हाला दहा पासआउट हवेत' ही आपल्याकडची जाहिरात मेलबर्नमध्ये कुणाला कळायची नाही.

माझं मत विचाराल तर नागपूर-नाशिकच्या कंपनीला अर्ज करताना पासआउट खुशाल लिहा. वाचणाराही तसाच पासआउट असतो. करोडो लोक रोज वापरतात तो शब्द अशुद्ध ठरवून काही साधत नाही. मात्र अर्ज टोरांटो किंवा मँचेस्टरला जाणार असेल, तर क्रियापद ग्रॅज्युएटेड ठेवा आणि नाम ग्रॅज्युएट.

आणि 'पासआउटेड' तेवढं खोडा. ते कुठल्याच देशात चालत नाही. भूतकाळाचा प्रत्यय 'पास'ला लागतो, 'आउट'ला नाही.