भीमराजाने वैद्य का बोलावला नाही?

आमच्या आर्वीहून वर्धा नदी ओलांडली की कौंडण्यपूर लागतं. विदर्भाची जुनी राजधानी कुंडिनपूर ती हीच, असं मानतात. रुक्मिणीचं माहेर म्हणून लोक तिथं दर्शनाला जातात. पण कुंडिनपूरची आणखी एक लेक होती, दमयंती. प्रेमात पडलेल्या शरीराचं काय होतं, याचं फार जुनं टिपण तिच्याच नावावर आहे.

ही हकीकत महाभारताच्या वनपर्वात येते. हंसाने नळराजाची वार्ता आणली आणि या मुलीची झोप उडाली. चेहरा फिका पडला, अंग वाळलं, खाण्यापिण्यावरचं मन उडालं, उसासे सुरू झाले. सख्यांनी भीमराजाला जाऊन सांगितलं, लेकीची प्रकृती बरी नाही. आजाऱ्याच्या केसपेपरवर तरी याहून वेगळं काय लिहितात?

ही नुसती कविकल्पना नव्हे. आवडतं माणूस समोर आलं की अॅड्रिनॅलिन वाढतं. छाती धडधडते, तळहातांना घाम सुटतो, भूक मरते. माणूस घाबरला तरी हेच होतं. १९९९ साली इटलीतल्या पिसा इथं डोनातेल्ला मारात्सिती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नुकत्याच प्रेमात पडलेल्या २० जणांचं रक्त तपासलं. सेरोटोनिन वाहून नेणारं प्रथिन त्यांच्यात कमी भरलं, आणि मंत्रचळाच्या २० रुग्णांतही तसंच कमी होतं. बारा ते अठरा महिन्यांनी त्या प्रेमिकांपैकी काहींना पुन्हा तपासलं, तेव्हा ते पूर्ववत झालेलं होतं. माणसं मोजकीच, पण निष्कर्ष विचार करायला लावणारा.

बँकेत असताना आमचा एक तरुण कॅशियर एकच बंडल चार चार वेळा मोजू लागला. जेवणाचा डबा भरलेला परत जाई. आम्ही कावीळ ठरवून मोकळे झालो. सहा महिन्यांनी साखरपुड्याचे पेढे आले!

तेव्हा लक्षणांवरून फरक कळत नाही. वजन उतरणं, धडधड, निद्रानाश ही थायरॉईडचीही लक्षणं असतात. म्हणून मुलांना डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. प्रश्न येतो रिपोर्ट नॉर्मल आल्यावर. मग आपल्या घरांत अंगारे-उतारे होतात, मोबाईल काढून घेतला जातो, घाईघाईने स्थळं पाहिली जातात. विचारत मात्र कुणी नाही.

भीमराजाने वैद्य बोलावल्याचा उल्लेख कथेत नाही. लेक वयात आली आहे हे त्याने ओळखलं आणि स्वयंवर मांडलं. पुढे चार देव नळाचं रूप घेऊन मंडपात उभे राहिले, तरी दमयंतीने आपला नळ ओळखून काढला. निवड तिची होती.

तुमच्या घरात कुणाचं ताट असं रोज अर्धवट राहत असेल, तर तपासण्या जरूर करा. पण त्याआधी एका संध्याकाळी त्याच्याजवळ बसा, आवाज न चढवता विचारा, आणि मिळेल ते उत्तर शेवटपर्यंत ऐकून घ्या.