तंटामुक्तीची नोंदवही

"तंटामुक्त गाव मोहीम अजून जिवंत आहे की नुसत्या कमानी उरल्यात, ते जरा बघून या," असं संपादकांनी सांगितलं आणि मी माणदेशातल्या एका गावी पोचलो. पंधरा ऑगस्टची ग्रामसभा तोंडावर आली होती आणि गावच्या तंटामुक्ती समितीचं पुढं काय करायचं, हा विषय अजेंड्यावर होता. गावाचं नाव इथे देत नाही. समितीतल्या गुरुजींनीच बजावलं होतं, "नाव छापलंत तर त्यावरनं नवा तंटा उभा राहील."

मोहिमेची सरकारी कुळकथा थोडक्यात सांगता येते. १५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात 'महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम' सुरू झाली. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गाजवून झालं होतं. आता गावातली भांडणं झाडून काढायची, असा त्यांचा बेत होता. ग्रामसभेने ठराव करून मोहिमेत उतरायचं आणि समिती निवडायची. सरपंच, पोलीस पाटील, तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, बचत गटातल्या बायका यांना एका सतरंजीवर बसवायचं. दिवाणी, महसुली, फौजदारी असे तंटे नोंदवायचे आणि सामोपचाराने मिटवायचे. मग मूल्यमापन आणि लोकसंख्येप्रमाणे १ लाखापासून १० लाखांपर्यंत बक्षीस. या गावालाही ते मिळालं. त्यातून वेशीवर कमान झाली आणि शाळेला कुंपण झालं. मिरवणूकही निघाली.

मला मात्र कमानीपेक्षा गुरुजींच्या नोंदवहीत जास्त रस वाटला. जाड पुठ्ठ्याची, लाल कापडी पाठीची. गुरुजी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले, समितीचे साधे सदस्य. अध्यक्ष कितीतरी बदलले, लिहिणारा हात तोच राहिला. अर्जाची तारीख, अर्जदार, गैरअर्जदार, थोडक्यात हकीकत, काय ठरलं, सह्या. चूक कुणाची, याला रकानाच नाही. "तो रकाना ठेवला असता तर एकानंबी सही केली नसती," गुरुजी म्हणाले.

चुलतभावांच्या बांधाचा तंटा त्यांनी मला वाचून दाखवला. धाकट्या पातीचा आरोप, थोरली पात दर नांगरटीला बांध कोरते. थोरल्या पातीचं म्हणणं, बांध मुळातच वाकडा. बैठक चावडीत न घेता बांधावरच घेतली. आधी सातबारा मागवला आणि त्यावरची नावं एकेक करून वाचली. त्यात दोन बहिणी निघाल्या, दोघी लग्न होऊन लांब गेलेल्या. भावांनी त्यांना धरलंच नव्हतं. गुरुजींनी बैठक तिथंच थांबवली, बहिणींना फोन लावला आणि पुढच्या बैठकीला बोलावलं.

मग जे लिहिलं गेलं ते असं: भूमी अभिलेखची मोजणी करून घ्यायची, फी निम्मी-निम्मी. मोजणीत येईल ती हद्द चौघांना मान्य. दगड रोवताना दोन्ही घरचं माणूस हजर पाहिजे. बांधावरची बाभळ सामाईक. आणि शेवटचं कलम: ट्रॅक्टर वळवताना फाळ बांधाच्या हातभर अलीकडे उचलायचा.

हे कलम कुठल्या कोर्टाच्या हुकूमनाम्यात सापडणार नाही. बांध कोरला जातो तो वळणावर, फाळ वेळेवर न उचलल्यामुळे, हे ज्याने नांगर धरलाय त्यालाच सुचतं. मोजणीवाले हद्द दाखवून निघून जातात. त्यानंतर हद्द राखायची ती रोजच्या वागण्यातून. समितीची खरी ताकद मला इथे दिसली.

गुरुजींना या कागदाची मर्यादाही पक्की ठाऊक आहे. समिती म्हणजे कोर्ट नव्हे. सगळ्या खातेदारांची संमती असेल तर वाटणीचं काम जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे न्यायचं. अडवलेल्या वाटेचा दावा मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली, तोही तहसीलदारापुढेच. दावा कोर्टात चालू असेल तर तडजोड लोकअदालतीत ठेवायची. तिथला निवाडा हुकूमनाम्याच्या तोलाचा आणि त्यावर अपील नाही. फौजदारीत कायद्याने तडजोडीस पात्र ठरवलेले किरकोळ गुन्हे तेवढे मिटवायचे, बाकीच्यांना हात लावायचा नाही. या वाटा न धरता नुसत्या सह्यांवर थांबलं, तर पुढची पिढी त्या कागदाला ओळखही दाखवत नाही.

कौतुक इथपर्यंत. नोंदवही मागे चाळत गेलो तसा माझा उत्साह ओसरत गेला.

बक्षिसाच्या वर्षातली पानं पाहा. एकाच आठवड्यात ओळीने नोंदी, एकाच शाईत: शेळीने पाला खाल्ला, समज दिली, मिटले. सांडपाणी दारात आले, मिटले. कोंबडी, मिटले. गुणांसाठी तंटे मिटवायचे तर आधी तंटे हवेत, म्हणून ते लिहिले गेले. गुरुजी नाकारत नाहीत. "वरनं आकडा मागायचे," एवढंच म्हणतात.

दुसऱ्या काही नोंदी याहून टोचतात. 'पती-पत्नी वाद. समज दिली. नांदावयास गेली.' काही पानांनंतर त्याच बाईचं नाव पुन्हा, तेच शब्द पुन्हा. बायकोचा छळ हा तडजोडीस पात्र गुन्हा नाही. जुन्या दंडसंहितेच्या ४९८-अ खाली नव्हता, भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ खालीही नाही. तरी गावोगावच्या समित्यांपुढे ही भांडणं 'घरातली' म्हणून येतात आणि संसार मोडू नये म्हणून बाईलाच दोन शब्द सुनावले जातात. बचत गटाच्या ताई समितीत आहेत. त्यांनी मला सरळ विचारलं, "समज दिली म्हणजे कुणाला दिली, दादा? नवऱ्याला का तिला?" नोंदवहीत त्याचं उत्तर नाही.

समिती कुणाच्या हातात, यावर सारं ठरतं. विदर्भात घरच्यांचा विरोध असलेल्या, कधी वेगळ्या जातींच्या जोडप्यांची लग्नं तंटामुक्त समित्यांनी पुढाकार घेऊन लावून दिली आहेत. गावासमोर हार घातले की विरोध निम्मा गळतो. पण हीच गावकीची वजनदार माणसं उद्या एखाद्या घराला वाळीत टाकायलाही बसू शकतात. त्याविरुद्ध २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा राज्याला करावा लागला, तो उगाच नव्हे.

ग्रामसभेत मला वाटलं होतं की यावर बोलणं होईल. गणपूर्तीला १५ टक्के मतदार किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी ती लागते. माणसं पुरेशी जमली, पण ती आली होती एकाच विषयासाठी: अध्यक्ष कोण? दोन्ही पार्ट्यांनी आपापला उमेदवार आणलेला. तंटामुक्तीच्या अध्यक्षपदावरून तंटा, हा विनोद महाराष्ट्रात जुना झाला. समोर घडताना हसू येत नाही. आवाज चढले, कुणीतरी माइक ओढला, बीट अंमलदार खुर्चीतून उठून उभा राहिला. शेवटी हात वर करून निवड झाली.

गुरुजींनी तीन ओळींचा ठराव लिहून आणला होता. मारहाण झालेल्या बाईचं प्रकरण बैठकीत न घेता तिला पोलीस ठाण्यात आणि संरक्षण अधिकाऱ्याकडे पोचवायचं. प्रत्येक तडजोडीची प्रत दोन्ही पक्षांना द्यायची. नोंदवही ग्रामपंचायतीच्या दप्तरात ठेवायची, अध्यक्षाच्या घरी न्यायची नाही. समितीचं भवितव्य ठरवायचं तर ते या तीन ओळींत होतं. अध्यक्ष कुणीही झाला असता तरी चाललं असतं. ताईंनी अनुमोदन दिलं. तोवर निम्मी सभा उठून गेली होती. विषय २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेवर ढकलला.

सभेनंतर नव्या अध्यक्षांनी नोंदवही मागून घेतली आणि घरी नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजींनी ग्रामपंचायतीत अर्ज दिला: नोंदवही दप्तरी जमा करून घ्यावी. शिक्का मारलेली पोच त्यांनी मागून घेतली आणि ताईंनाही तिची एक प्रत दिली.