दैवव्यपाश्रय आणि रुग्णाचे आप्त

रुग्ण अतिदक्षता विभागात असता चिंचवडला मोरया गोसावींच्या समाधीपुढे बसणाऱ्या आप्ताचा वैद्यावर अविश्वास असतो, असे समजू नये. चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात दैवव्यपाश्रय चिकित्सा युक्तिव्यपाश्रय व सत्त्वावजय यांच्यासमवेत सांगितली आहे. ज्वरचिकित्सेत तर विष्णुसहस्रनामाचाही निर्देश आहे. जागरणाने खचलेल्या आप्ताचे सत्त्व प्रार्थनेने टिकते, हा नित्याचा अनुभव होय.

मात्र ती औषधाच्या जागी नाही. सर्पदंशात वैद्यकीय उपचार रोखून मंत्रतंत्र करणे हा महाराष्ट्रात २०१३च्या कायद्याने गुन्हा आहे. ‘नवस बोललो आहे, औषध थांबवू का?’ असे कुणी दुकानात विचारल्यास नवसाची थट्टा न करता औषध चालू ठेवण्यास सांगावे आणि पुढील मात्रेची वेळ चिठ्ठीवर लिहून द्यावी.