भात्यापासून पाण्यापर्यंत

मुठेकाठचे वारजे हे हवेली तालुक्यातील शेतीचे गाव १९९७ मध्ये पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत आले आणि त्याच्या शेतांवर इमारती उभ्या राहिल्या. या बदलात जमिनीच्या भावाची चर्चा पुष्कळ झाली, परंतु शेतीवर पोसलेल्या लोहारकामाकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

गावगाड्यात लोहार हा बलुतेदार, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल सुगीला धान्याचा ठरलेला वाटा घेणारा कारागीर असे. खुरपी-विळे घडवणे, तसेच नांगराचा झिजलेला फाळ शेवटणे, म्हणजे तापवून व ठोकून त्याचे टोक पुन्हा काढणे, ही त्याची नित्याची कामे होती. लोहाराचा मुलगा आधी भाता ओढायला बसे, अंगात बळ आल्यावर घण उचले, आणि तापलेले लोखंड धरण्याची सांडशी त्याच्या हाती सर्वांत शेवटी येई, कारण तुकडा भट्टीतून केव्हा काढायचा आणि ऐरणीवर कसा फिरवायचा हे सांडशी धरणाराच ठरवतो.

त्याहून अवघड काम पाणी देण्याचे, म्हणजे तापवलेले पोलाद एकदम निववून कठीण करण्याचे. कर्ब फार कमी असलेल्या लोखंडाला पाणी चढत नाही, म्हणून लोहार ट्रकचा जुना पाटा पसंत करतात. छिन्नीला पाणी देताना लाल तापलेले टोक तेवढे बुडवून लगेच बाहेर काढतात व घासून चकचकीत करतात. मग दांड्यात उरलेली उष्णता टोकाकडे सरकू लागते आणि धातूवर फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे रंग क्रमाने उमटतात. पिवळा सुमारे २२० अंश सेल्सिअसला दिसतो, तर निळा ३०० च्या आसपास. हवा तो रंग टोकाशी पोहोचताच छिन्नी पुन्हा पाण्यात जाते; घाई झाली तर ती तडकते, उशीर झाला तर धार दुमडते. तापमापकाविना काही क्षणांत घ्यावयाचा हा निर्णय म्हणजेच या घराण्यांची खरी विद्या होय.

१९१० मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून लोखंडी नांगर खेडोपाडी पोहोचले, पुढे ट्रॅक्टर आला आणि लोहाराचे शेतीकाम आटत गेले. शहरालगत त्याची जागा काही प्रमाणात बांधकामावरच्या पहारी, टिकाव व छिन्न्यांनी घेतली. गावोगाव फिरून रस्त्याकडेला भट्टी मांडणाऱ्या घिसाडी कुटुंबांत पुरुष सांडशी धरतो आणि घण बहुधा स्त्री मारते, तरीही या कलेचा वारसा बापाकडून मुलाकडे येतो असेच सर्रास लिहिले जाते, हे त्या स्त्रियांवर अन्याय करणारे आहे.